अग्रशाळेतल्या तसबिरी दिसतच नाहीत : फिल्मची चकाकी कशी घालवावी?

कुळागर

मंडळी, नमस्कार.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेच्या रात्री देवळापुढे नाटक करायची प्रथा पणजोबांच्या काळापासूनची. त्या नाटकांची जुनी हस्तपत्रकं, नटमंडळींचे फोटो, पडदे रंगवण्याआधी कागदावर केलेले दोन-चार रंगीत नमुने असं बरंच काही घराघरांतून गोळा झालंय. गेल्या जत्रेला त्यातली तीसेक निवडून फ्रेम केली आणि अग्रशाळेत (देवळाच्या आवारातल्या धर्मशाळेत) लावली. जत्रा संपली की सगळं उतरवून माळ्यावर जातं. पोरं ते ज्या पद्धतीने उतरवतात ते बघता काच परवडणारी नाही, म्हणून काचेऐवजी पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म घातली. हलकी, स्वस्त, फुटायची भीती नाही.

अडचण एकच. आतलं दिसत नाही! समोर दोन मोठी दारं, वर ट्यूबलाइट. फ्रेमसमोर उभं राहिलं की आधी आपलं तोंड दिसतं, मग दार, मग दारातून बाहेरचा दीपस्तंभ, आणि फुरसत असेल तर शेवटी नट. शिवाय फिल्मला लाटा पडल्यात, त्यामुळे ट्यूब नागमोडी होऊन फोटोभर फिरते.

फिल्म न बदलता ही चकाकी कमी करता येईल का? कुणी मॅट स्प्रे मारा म्हणतो, कुणी मॅट लॅमिनेशन. मोबाइलच्या स्क्रीनवर लावतात तसलं काही मोठ्या आकारात मिळतं का? जत्रेला अजून अवकाश आहे, पण पैसा देवस्थान समितीच्या मर्जीवर.

बांगडा_भाजलेला

आपलं तोंड दिसतं ही सोयच समजा. जुन्या नटांपेक्षा आपण बरे दिसतो याची खातरजमा माणसाने दुसरीकडे कुठे करायची?

(जाणकार येईपर्यंत रुमाल टाकून ठेवतो.)

तसबीरवाला

म्हापशात वडिलांपासून फ्रेमिंगचं दुकान आहे, तेव्हा बोलतो.

लाटा आणि चकाकी ही दोन वेगळी दुखणी आहेत. आधी लाटांचं बघा. सपाट फिल्ममध्ये ट्यूब एका ठरावीक जागी दिसते, माणूस अर्धं पाऊल सरकला की ती फोटोवरून हटते. लाटा पडलेल्या फिल्मची प्रत्येक लाट वेगळ्या दिशेला तोंड करून असते, त्यामुळे खोलीतला प्रत्येक दिवा कुठल्या ना कुठल्या लाटेत सापडतोच, तुम्ही कितीही सरका. तुमची फिल्म पातळ असणार, ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास. ती फ्रेममध्ये ताठ राहतच नाही. ए-थ्री आकाराला मी १७५ मायक्रॉनच्या खाली जात नाही.

दुसरं, फिल्म फ्रेमच्या खाचेत गच्च बसेल अशी कापू नका. उन्हाळ्यात ती वाढते, आणि वाढायला जागा नसली की पोट काढते. चारी बाजूंनी दीडेक मिलिमीटर मोकळं सोडा. पातळच वापरायची असेल तर आत एक बारीक लाकडी चौकट करून तिच्यावर ताणा आणि दुहेरी टेपने चिकटवा. सुरुवात बाजूंच्या मध्यापासून, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने, कोपरे शेवटी. कोपऱ्यापासून सुरुवात केलीत की तिरकी घडी पडलीच म्हणून समजा.

स्प्रेबद्दल: नको. कारणं लिहायला बसलो तर दुकान उघडायला उशीर होईल.

चष्मेवाली

मडगावात चष्मे विकते. तसबिरींतलं कळत नाही, पण परत येणाऱ्या उजेडाशी रोजचा संबंध आहे.

काचेवर समोरून पडलेल्या उजेडापैकी साधारण ४ टक्के एका पृष्ठभागावरून परततो. पुढची आणि मागची बाजू धरून ८. ॲक्रिलिकचं किंचित कमी. पॉलिएस्टरचा अपवर्तनांक काचेहून जास्त असतो, त्यामुळे तिथे दर बाजूला ५-६ टक्के, दोन्ही मिळून १० च्या वर. म्हणजे काचेऐवजी फिल्म घातल्यावर चकाकी वाढल्यासारखी वाटली असेल तर तो भास नव्हे. तिरकं बघितलं की आणखी वाढते.

ती कमी करायचे मार्ग दोन, आणि दुकानात दोन्ही एकाच नावाने विकतात, तिथे गिऱ्हाईक फसतं.

एक म्हणजे पृष्ठभाग खरखरीत करणं, तुमचं मॅट. यात परतणारा उजेड कमी होत नाही, विखुरतो. ट्यूबची कडा पुसली जाते, पण तिचा उजेड चित्रभर धुक्यासारखा पसरतो. काळा रंग काळा राहत नाही, करडा होतो.

दुसरा चष्म्यावरचा थर. उजेडाच्या तरंगलांबीच्या चौथाई जाडीचा थर दिला की त्याच्या वरून परतलेली लाट आणि खालून परतलेली लाट एकमेकींना मारतात. जर्मनीत त्साइस कंपनीच्या स्माकुला यांनी १९३५ मध्ये याचं पेटंट घेतलं. अमेरिकेत कॅथरीन ब्लॉजेट बाईंनी १९३८ मध्ये बेरियम स्टिअरेटचे, म्हणजे एक प्रकारच्या साबणाचेच, एकेका रेणूच्या जाडीचे ४४ थर काचेवर चढवले आणि काच जवळजवळ दिसेनाशी केली. पण तो थर बोटाने पुसला जायचा. पुढे निर्वात पेटीत चढवलेला मॅग्नेशियम फ्लोराइड आला, तो टिकला. फ्रेमवाले जिला म्युझियम ग्लास म्हणतात तिच्यावर दोन्ही बाजूंना असे थर असतात आणि परतणारा उजेड १ टक्क्याच्या आसपास येतो. असा थर दिलेली फिल्मही मिळते.

ओळखायची खूण: मोबाइलचा टॉर्च पेटवून प्रतिबिंब बघा. साध्या काचेत ते पांढरंच दिसतं. थर असेल तर मंद आणि हिरवट किंवा जांभळट. दुकानदार काहीही सांगू दे.

एक तोटा आधीच सांगते. थरावर तेलकट बोट लागलं की तो ठसा साध्या काचेपेक्षा जास्त उठून दिसतो. जत्रेत पोरांच्या हातात खाजें (जत्रेतली मिठाई) असतं.

बांगडा_भाजलेला

खाज्याला नावं ठेवायची नाहीत. बाकी सगळं मान्य.

झीरो_नंबर

एवढं विज्ञान कशाला? झीरो नंबरचा पॉलिश पेपर ओला करून फिल्मवर गोल गोल फिरवा, मॅट तयार. नाहीतर हेअर स्प्रेचे दोन हात मारा. कॉलेजात प्रोजेक्टच्या फोटोंना आम्ही हेच करायचो, फुकटात काम.

तसबीरवाला

@झीरो_नंबर, प्रोजेक्ट मार्क मिळेपर्यंत टिकला की संपलं. इथे पावसाळा चार महिने आहे. हेअर स्प्रेचा थर दमट हवेत चिकट होतो, त्यावर धूळ बसते, मग तो पुसायला गेलात की ओरखडे. पॉलिश पेपरने ओरखडे एकसारखे कधीच येत नाहीत. दिवा लावला की हात कसा फिरला ते गोल गोल दिसतं. बघा, दुकान उघडायला उशीर झालाच.

नीज_गोंयकार_पुण्यात

धागा वाचून घरची आठवण आली. आमच्या दिवाडीच्या घराला शिंपांची तावदानं होती. आत येणारा उजेड इतका मऊ की भिंतीवरच्या एकाही तसबिरीत खिडकी कधी दिसली नाही. काच यायच्या आधी गोव्यातल्या किती घरांनी या चपट्या शिंपांवर दिवस काढले! कुळागर, अग्रशाळेला तशी तावदानं असतील तर दारं ओढून घ्या आणि ती बंद ठेवा, प्रश्न मिटला.

(अवांतर: पुण्यात फ्लॅटच्या काचांवर बटर पेपर लावून बघितला. बायकोने दुसऱ्या दिवशी काढला.)

कुळागर

सगळ्यांना देव बरें करूं.

@तसबीरवाला, फिल्म पातळच आहे, बरोबर ओळखलंत. @चष्मेवालीताई, आकडे समितीपुढे ठेवतो, खजिनदारांना टक्केवारी आवडते. @नीज_गोंयकार, शिंपा नाहीत हो. लोखंडी गजांच्या खिडक्या आणि दोन दारं, तीही जत्रेत सताड उघडी. लोकांची ये-जा असते, बंद कोण करू देणार?

मॅट लॅमिनेशनचं मात्र डोक्यातून जात नाही. पणजीत एकाकडे कॅलेंडरच्या पानाला केलेलं बघितलं, फारच सुरेख दिसत होतं. मग फिल्मवर ते का चालणार नाही?

कागदकीडा

कुळागर, अस्सल कागद लॅमिनेट करायचा विचार असेल तर हात जोडतो, करू नका. गरम असो वा थंड, लॅमिनेशनचा गोंद कागदात उतरतो आणि परत निघत नाही. जुन्या कागदाला जे करायचं ते उलटवता आलं पाहिजे.

आता पणजीतलं कॅलेंडर सुरेख का दिसलं? कारण मॅट थर कागदाला चिकटलेला होता. मॅट पृष्ठभाग चित्राला टेकलेला असला की आतलं स्वच्छ दिसतं. मध्ये अंतर पडलं की चित्र धूसर होत जातं, आणि जितकं अंतर तितकं जास्त. घरी करून बघा: वर्तमानपत्रावर मॅट फिल्म टेकवा, बातमी वाचता येईल. दोन बोटं वर उचला, मथळासुद्धा पुसट होईल.

म्हणजे मॅट हवं तर टेकवायला हवं. आणि आपल्या हवेत टेकवणं हेच तर घातक. पावसात हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर जाते. कागद पाणी पिऊन वाढतो, पॉलिएस्टर जवळजवळ वाढत नाही. जिथे दोघं टेकतात तिथे ओलसर दिसणारे चट्टे उमटतात आणि बुरशीला घर मिळतं. फोटोंचं त्याहून वाईट. जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोंचा वरचा थर जिलेटिनचा. दमट हवेत तो मऊ होतो आणि समोरच्या गुळगुळीत पृष्ठभागाला चिकटतो. नंतर सोडवायला गेलं की नटाचा गाल फिल्मसोबत येतो. म्हणून फ्रेममध्ये माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) घालायचा, शोभेसाठी नाही, अंतरासाठी.

तुम्ही रंगीत नमुने म्हणालात त्याबद्दल. पडद्याचे रंग बहुतेक सरसात कालवलेले पावडरचे असायचे. पन्नास-साठ वर्षांनी सरस मरतो आणि रंग नुसता कागदावर बसलेला असतो. पॉलिएस्टर पुसली की तिच्यात स्थिर वीज भरते आणि ती रंगाचे कण ओढून घेते. फिल्मच्या आतल्या बाजूला निळी-तांबडी पूड दिसतेय का बघा. दिसली तर ते नमुने आजच फिल्मखालून काढा, त्यांना काचच हवी.

आणि तुमची 'पारदर्शक फिल्म' खरंच पॉलिएस्टर आहे का? मेलिनेक्स, मायलर ही त्यातली माहितीतली नावं. बाजारात पीव्हीसीही सर्रास मिळतं. ते लवचिक आणि जरा चिकट लागतं, नवीन असताना वास येतो. ते कागदाला घातक, तेव्हा पीव्हीसी असेल तर चकाकी हा तुमचा सगळ्यात लहान प्रश्न आहे.

ठाण्याची_काकू

वाखुसा (वाचनखूण साठवली)! आमच्याकडे चित्रकार दीनानाथ दलालांनी केलेली 'दीपावली' अंकाची दोन मुखपृष्ठं प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीवर आहेत, सासऱ्यांनी लावलेली. दलाल मूळचे गोव्याचेच ना? कागदकीडा, ती आता काढू की राहू देत? आणि मोबाइलने फोटो काढला तर मध्ये पंखाच येतो, त्याला काय करू?

कागदकीडा

काकू, हो, गोव्याचेच. प्लॅस्टिक पिवळं किंवा चिकट झालं असेल तर काढा. निघत नसेल तर ओढू नका.

कॅमेरेकाका

@ठाण्याची_काकू, फोटो काढताना फ्लॅश बंद, पंखा बंद, आणि काळी साडी अंगावर घेऊन उभ्या राहा. चेष्टा नाही, प्रतिबिंबात काळ्याशिवाय काही नसलं तर मध्ये काही येतच नाही. साडीत भोक पाडून त्यातून मोबाइल काढायचा हा पुढचा टप्पा, पण तो साडी बघून ठरवा.

पोलरायझर फिल्टर (एकाच दिशेने कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित, उजेड अडवणारी काच) घ्या असं कुणी तरी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. काचेवरून परतणारा उजेड ५५-५६ अंशांच्या तिरकसपणाला सगळ्यात जास्त ध्रुवित होतो. तिथे फिल्टर जादू करतो. अगदी समोरून काढायला गेलात तर फिल्टर एकटा काहीच करत नाही. समोरून हवं तर दिव्यांवरही पोलरायझरचा कागद लावावा लागतो आणि लेन्सवरचा त्याच्याशी आडवा फिरवावा लागतो. तेही प्रतिबिंब त्या दिव्यांचंच असेल तर. खिडकीवर त्याचा इलाज नाही.

बांगडा_भाजलेला

काकू साडीला भोक पाडत असतानाचा फोटो कुणी तरी टाका.

प्रकाशयोजक

उशिरा आलो. फोंड्याकडच्या उत्सवी नाटकांचे दिवे करतो, तुमच्या गावातही येऊन गेलोय बहुतेक. सगळा धागा वाचला. सगळे फिल्मवर बोलतायत, दारावर कुणीच बोलत नाही.

हिशेब मांडतो. बाहेर उन्हात ५० हजार लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर असतात. आत ट्यूबखाली भिंतीवर दोनशे मिळाले तरी भाग्य. चष्मेवालीताईंनी सांगितलेले १० टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण उन्हात तापलेल्या अंगणाचे १० टक्के हे आतल्या पांढऱ्या कागदापेक्षा कितीतरी जास्त भरतात. उद्या समितीने म्युझियम ग्लास मंजूर केली आणि १ टक्क्यावर आणलंत, तरी त्या अंगणाचं प्रतिबिंब हस्तपत्रकाच्या कागदाच्या जवळपास तेवढंच उजळ राहणार. फोटोतल्या काळ्या पार्श्वभूमीचं तर नावच काढू नका. जुन्या फोटोत नटामागे काळोख असतो आणि तुम्हाला दार दिसतं ते त्या काळोखातच. वस्तू अंधारी असली की तिच्यावरची काच आरसा होते. तेव्हा समोर काय आहे ते बदला, काच-फिल्म नंतर.

कसं बदलायचं? घरातला एक छोटा आरसा घ्या. फ्रेम लावायची तिथे भिंतीला सपाट धरायला एकाला सांगा आणि तुम्ही प्रेक्षक उभा राहतो तिथे उभे राहा. आरशात जे दिसेल तेच फिल्मवर दिसणार. दार दिसलं, जागा बाद. ट्यूब दिसली, ट्यूब हलवा. काळोखी भिंत दिसली, खिळा ठोका. सगळ्या भिंती अशा फिरून घ्या, संध्याकाळी दिवे लावून परत एकदा.

माझा अंदाज: दारं ज्या भिंतीला आहेत त्याच भिंतीवर, दारांच्या दोन्ही बाजूंना फ्रेम लावा. आता तुम्ही समोरच्या भिंतीवर लावल्यात, म्हणून त्या दाराकडे बघत बसल्यात. दाराच्या भिंतीवर गेल्या की त्यांच्यासमोर आतली भिंत येईल, तिच्यावर नाटकाच्या विंगांचे काळे पडदे सोडा. ते तुमच्याकडे असणारच. दाराच्या भिंतीवर उजेड कमी पडेल, तेव्हा फ्रेमना वरून वेगळे दिवे द्या, उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांवर. दिवा भिंतीपासून लांब गेला की त्याचं प्रतिबिंब डोळ्यात येतं, फार जवळ आणलात की फ्रेमच्या पट्टीची सावली चित्रावर पडते.

जागा बदलताच येत नसेल तर फ्रेम वरून पुढे झुकवा. काच जितकी कलते त्याच्या दुप्पट प्रतिबिंब कलतं. ५ अंश झुकवलीत तर नजर १० अंश खाली जाते, म्हणजे पाच मीटर लांबच्या समोरच्या भिंतीवर जवळजवळ ९० सेंटिमीटर खाली. दारातून दिसणाऱ्या आभाळाऐवजी दाराखालची जमीन दिसेल. जुन्या घरांत वासरीच्या (ओसरीच्या) वरच्या तसबिरी खाली खिळ्यांवर टेकवून वर दोरीने पुढे झुकवलेल्या असतात, ते उगाच नाही. खालून बघणाऱ्याला तोंड नीट दिसावं हा हेतू, आणि त्यात छताचा उजेडही टळतो.

नीज_गोंयकार_पुण्यात

@प्रकाशयोजक, दंडवत. आमच्या आजोबांची तसबीर अशीच झुकलेली होती, आम्हा पोरांना वाटायचं ते आमच्यावर लक्ष ठेवून आहेत.

कुळागर

प्रकाशयोजकदादा, हे तर भलतंच निघालं! पण दाराच्या भिंतीवर एका बाजूला स्विचबोर्ड आणि दुसऱ्या बाजूला देणगीदारांची संगमरवरी पाटी आहे. पाटीला हात लावला तर जत्राच होणार नाही. म्हणजे जागा अर्धीच.

आणि कागदकीडा, फिल्मच्या आत पूड दिसली. निळी. नमुने काढून सपाट ठेवलेत.

कागदकीडा

उत्तम. अर्धीच जागा असेल तर माझं ऐका, अस्सल कागद भिंतीवर लावूच नका. चांगलं स्कॅन करा, मॅट कागदावर त्याच आकारात छापा आणि काच-फिल्म काहीही न घालता लावा. चकाकीचा प्रश्नच उरत नाही. प्रत खराब झाली तर पुढच्या वर्षी नवी छापा. अस्सल कागद आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात घालून कपाटात, माळ्यावर नाही. कौलांखालचा माळा म्हणजे उन्हाळ्यात भट्टी आणि पावसात हमामखाना. संग्रहालयं कागदावरच्या नाजूक चित्रांना ५० लक्सच्या आसपास ठेवतात, आणि तुम्ही तीच वर्षानुवर्षं उघड्या दारासमोर टांगणार. साधी पॉलिएस्टर अतिनील किरणही फारसे अडवत नाही.

तसबीरवाला

@कागदकीडा, इथे आपलं जमत नाही. प्रत ती प्रत. लोक जत्रेला लांबून येतात ते आपल्या आजोबांच्या हातची सही बघायला, प्रिंटरची शाई बघायला नाही. माझ्या दुकानात माणसं फाटकी कुंडली घेऊन येतात, झेरॉक्स आणत नाहीत. बिनकाचेची लावायला ती काय तैलचित्रं आहेत? पणजीत फोंतैन्यशला फुंदासांव ओरिएंत या संस्थेत चित्रकार त्रिंदादांची चित्रं बघा, तैलरंगाला व्हार्निश असतं, तो स्वतःची राखण स्वतः करतो. कागदाचं तसं नाही.

कागदकीडा

आजोबांची सही पुढच्या पिढीलाही बघायची असेल ना? दहा वर्षांत फिकी पडली की मग दाखवा अस्सल.

आणि तैलचित्रालाही दमट हवा लागतेच. तो विषय वेगळा.

झीरो_नंबर

दोघांत मिळून एक काढा की. थोडे अस्सल, बाकी प्रती. आणि माझ्या पॉलिश पेपरला प्रतींवर तरी संधी द्या.

तसबीरवाला

प्रतींवर फिल्मच नाही तर पॉलिश पेपर कुठे घासणार?

तुमच्यावरून आठवलं. एक गृहस्थ ॲक्रिलिक शीट घातलेली फ्रेम घेऊन आले, तक्रार अशी की पहिल्या दिवसापासून आतलं धुरकट दिसतं, चकाकतंही आणि पुसून जात नाही. नखाने कोपरा उचलला. शीटला दोन्ही बाजूंनी येणारा संरक्षक प्लॅस्टिकचा पापुद्रा तसाच होता. काढला. गृहस्थांनी मुलीचा लग्नातला फोटो पहिल्यांदा नीट बघितला, तोवर नातवाची मुंज झाली होती. कुळागर, तुमच्या फिल्मलाही पापुद्रा आहे का, एकदा नख लावून बघा.

आणि ॲक्रिलिक वापरणाऱ्यांनी अमोनियावाला किंवा स्पिरिटवाला क्लीनर फिरवू नये, बारीक तडे जातात. ओलं मऊ फडकं पुरे.

बांगडा_भाजलेला

आमच्या शेजाऱ्यांनी टीव्हीच्या रिमोटचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. त्यांना हा धागा दाखवत नाही, उगाच संसार मोडायचा.

कुळागर

काल रात्री अग्रशाळेत सात-आठजण जमून आरसा घेऊन फिरलो. सांगतो काय झालं ते.

फिल्मला पापुद्रा नव्हता, तेवढी आशा मावळली. दाराच्या भिंतीवर मोकळी जागा आहे तिथे दहा-बाराच फ्रेम मावतात. तिथे धरून बघितल्या, समोर विंगेचा काळा पडदा सोडला. त्याच पातळ, लाटा पडलेल्या फिल्मखाली स्त्रीपार्टी नटाच्या नथीतले मोती मोजता आले! अध्यक्ष म्हणाले, "हो, हा आमचाच काका," आणि मग अर्धा तास काकांवर गेला. या भिंतीवर अस्सल कागद लावायचे, माउंट घालून, जाड फिल्मखाली, जत्रेपुरते. दिवसा पडदा, रात्री ३० अंशांवरचे दिवे. जत्रा संपली की पाकिटात आणि कार्यालयाच्या कपाटात. माळा बंद.

समोरच्या भिंतीवर प्रती, मॅट कागदावर, फिल्म न घालता. रंगीत नमुन्यांना काच, आणि ते पोरांच्या हाती लागणार नाहीत असे गर्भागाराशेजारच्या खोलीत. तिथे फ्रेम पुढे झुकवून बघितली, वरची ट्यूब गेली पण खालची फरशी नवीन आणि चकचकीत, तिची झळाळी आली. खाली चटई टाकली, गेली.

तसबीरवाले आणि कागदकीडा, दोघांचंही अर्धं अर्धं ऐकलं. राग नसावा.

प्रकाशयोजक

चटई झकास. प्रतींच्या भिंतीवर मात्र दिवे कमीच ठेवा, नाहीतर तीच भिंत उजळून समोरच्या अस्सल फ्रेममध्ये दिसेल. काळा पडदा नेमका कुठे सोडणार? प्रतींवरच ना?

कुळागर

अरे देवा.

प्रकाशयोजक

घाबरू नका. आरसा परत घ्या आणि अस्सल फ्रेममध्ये समोरच्या भिंतीचा नेमका किती पट्टा दिसतो ते खडूने आखा. सहसा डोळ्यांच्या उंचीचा पट्टाच येतो. तेवढाच काळा ठेवा, प्रती त्याच्या दोन्ही बाजूंना सरकवा. नाहीच जमलं तर प्रती काळ्या कापडावर लावा, मध्ये भरपूर काळं सोडून.

चष्मेवाली

कुळागर, तुमच्या पहिल्या पोस्टमधला एक प्रश्न तसाच राहिला. स्क्रीनवर लावतात तसली मॅट फिल्म मोठ्या आकारात मिळते, मॉनिटरसाठी. पण ती चिकटणारी असते आणि तिच्यात बारीक रवाळ चमचम दिसते, छापील अक्षरांवर जास्त. अस्सलवर अर्थातच नको. प्रती बिनफिल्मच्या ठेवायच्या नसतील, जत्रेत हात लागणारच असतील, तर प्रतींना छापतानाच मॅट लॅमिनेशन करून घ्या. पणजीतल्या कॅलेंडरचं सुरेखपण तिथे मिळेल, चिकटलेलंच असतं ना. खाजेंवाली बोटंही ओल्या फडक्याने पुसता येतील.

कागदकीडा

याला माझी हरकत नाही. प्रतीला गोंद लागला तर लागला.

कुळागर

ठरलं तर. तसबीरवाले, १७५ मायक्रॉनची फिल्म तुमच्याकडूनच कापून घेतो. मापं घेऊन कधी येऊ?

तसबीरवाला

चतुर्थी झाल्यावर या. त्याआधी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आणि मापं फ्रेमची नाही, खाचेची आणा, आतल्या बाजूने, प्रत्येक फ्रेमची वेगळी. सगळ्या सारख्या आहेत असं सुतार सांगेल, त्याचं ऐकू नका.